संगणकाच्या साउंड कार्डाद्वारे बहुवाहिनी सक्रिय क्रॉसओव्हर : तत्त्व, मांडणी व महाविद्यालयीन उपयोग

सारांश

सभागृहात वक्त्याचा आवाज मोठा ऐकू येतो, परंतु शब्द नीट कळत नाहीत, हा ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांतील नित्याचा अनुभव आहे. त्यामागील कारणांपैकी एक कारण ध्वनिक्षेपकाच्या पेटीतील क्रॉसओव्हर, म्हणजेच वारंवारतेनुसार ध्वनिसंकेताची विभागणी करणारा परिपथ, हे असते. सहा किंवा आठ निर्गम-वाहिन्या असलेले संगणकाचे साउंड कार्ड वापरून ही विभागणी गणिती गाळण्यांच्या साहाय्याने ॲम्प्लिफायरच्या आधीच करता येते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, आवश्यक सामग्री, मांडणीतील धोके व त्यांवरील उपाय आणि मापनाची रीत स्पष्ट केली आहे. तसेच या पद्धतीच्या मर्यादा व वैजापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात आंतरविद्याशाखीय प्रकल्प म्हणून असलेले तिचे महत्त्व यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : साउंड कार्ड, सक्रिय क्रॉसओव्हर, अंकीय गाळणी, कला, विलंब, सुश्राव्यता

१. प्रस्तावना

मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात श्रवणाला मोठे स्थान आहे. वैजापूर व श्रीरामपूर परिसरात गोदावरीकाठच्या सराला बेटाची हरिनाम सप्ताहाची परंपरा सर्वपरिचित आहे. कीर्तनाच्या मंडपात एकाच वेळी तीन प्रकारचे ध्वनी निर्माण होतात. पखवाजाच्या धुमेचा नाद खालच्या वारंवारतांत असतो, कीर्तनकाराचा स्वर मधल्या पट्ट्यात असतो आणि टाळांचा झणत्कार अतिउच्च वारंवारतांपर्यंत पोहोचतो. हे तिन्ही ध्वनी एकाच ध्वनिक्षेपकातून सारख्याच स्पष्टतेने बाहेर पडावेत, ही अपेक्षा भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सोपी नाही. महाविद्यालयाच्या सभागृहात व्याख्यान, वक्तृत्वस्पर्धा, स्नेहसंमेलन आणि संगीताचा कार्यक्रम एकाच ध्वनियंत्रणेवर होतात. त्यामुळे तेथेही हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो.

मानवी कान साधारणपणे २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ एवढ्या वारंवारता ऐकू शकतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरल्यास या वारंवारतांची तरंगलांबी १७ मीटरपासून १७ मिलिमीटरपर्यंत येते. हजारपटीने बदलणाऱ्या तरंगलांबीला एकच पडदा न्याय देऊ शकत नाही. म्हणून खालच्या वारंवारतांसाठी मोठा वूफर, मधल्या पट्ट्यासाठी मिडरेंज आणि वरच्या पट्ट्यासाठी लहान ट्विटर किंवा कर्णा अशी कामाची वाटणी केली जाते. कोणत्या घटकाकडे कोणता पट्टा जावा, हे ठरविणारा परिपथ म्हणजे क्रॉसओव्हर होय.

या वाटणीचा संबंध भाषेच्या आकलनाशी आहे. बोलण्यातील बहुतांश ऊर्जा स्वरांमध्ये, म्हणजे साधारणतः १,००० हर्ट्झच्या खाली असते. परंतु ‘सर’ आणि ‘शर’, ‘चल’ आणि ‘छल’, ‘कडा’ आणि ‘खडा’ यांतील फरक कानाला कळतो तो प्रामुख्याने १,००० ते ४,००० हर्ट्झ व त्यावरील पट्ट्यांतील क्षीण ध्वनीमुळे. द्विमार्गी ध्वनिक्षेपकात वूफर व ट्विटर यांची सीमारेषा बहुधा २,००० ते ३,००० हर्ट्झच्या दरम्यान येते, म्हणजे नेमकी व्यंजनांच्या प्रदेशातून जाते. ही सीमारेषा सदोष असल्यास आवाज मोठा राहतो, पण शब्द हरवतो.

२. निष्क्रिय व सक्रिय क्रॉसओव्हरमधील भेद

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांत निष्क्रिय क्रॉसओव्हर असतो. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडलेला वर्धित संकेत इंडक्टर व कपॅसिटर यांच्या जाळ्यातून विभागला जातो. ही रचना सुटसुटीत व टिकाऊ आहे. परंतु तिचे गणित ध्वनिक्षेपकाचा संरोध स्थिर आहे, या गृहीतकावर अवलंबून असते. प्रत्यक्षात ‘८ ओहम’ असे लिहिलेल्या ध्वनिक्षेपकाचा संरोध वारंवारतेनुसार बदलतो आणि अनुनादाच्या ठिकाणी तो अनेक पटींनी वाढतो. शिवाय वेटोळे तापले की त्याचा रोधही वाढतो. परिणामी कागदावरची सीमारेषा प्रत्यक्षात सरकते. ती दुरुस्त करावयाची तर घटक सोडवून नवे जोडावे लागतात.

सक्रिय क्रॉसओव्हरमध्ये विभागणी ॲम्प्लिफायरच्या आधी, अल्प दाबाच्या संकेतावर होते आणि प्रत्येक घटकाला स्वतंत्र ॲम्प्लिफायर दिला जातो. गाळणीचा ध्वनिक्षेपकाच्या संरोधाशी संबंध उरत नाही. याचा आणखी एक लाभ साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, खालच्या व वरच्या पट्ट्यातील प्रत्येकी एक ज्या-तरंग असून त्यांचे शिखरमूल्य २० व्होल्ट आहे. दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरमधून पाठविल्यास शिखरे एकत्र येतात, तेव्हा ४० व्होल्टांची गरज पडते. ८ ओहम रोधावर हा ॲम्प्लिफायर १०० वॅट क्षमतेचा असावा लागतो. पट्टे वेगळे केल्यास प्रत्येकी २५ वॅटचे दोन ॲम्प्लिफायर तेच काम करतात. याखेरीज, खालच्या पट्ट्याचा ॲम्प्लिफायर अतिभारामुळे संकेताची शिखरे कापू लागला तरी त्यातून निर्माण होणारा कर्कश विकार ट्विटरपर्यंत पोहोचत नाही.

मात्र या पद्धतीत वाहिन्यांची संख्या वाढते. स्टिरिओ द्विमार्गी रचनेला चार, त्रिमार्गी रचनेला सहा आणि चतुर्मार्गी रचनेला आठ निर्गम-वाहिन्या लागतात. संगणकाचे साउंड कार्ड येथेच उपयोगी पडते.

३. साउंड कार्डाची पार्श्वभूमी

सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये ‘साउंड ब्लास्टर’ कार्ड बाजारात आणले, तेव्हा खेळांतील आवाज हाच त्याचा मुख्य उपयोग होता. इंटेलने १९९७ मध्ये ‘एसी-९७’ आणि २००४ मध्ये ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ ही मानके प्रसिद्ध केली. दुसऱ्या मानकानुसार आठ वाहिन्यांची सोय मदरबोर्डवरच उपलब्ध होऊ लागली. घरगुती चित्रपटगृहासाठी दिलेल्या ५.१ रचनेत सहा, तर ७.१ रचनेत आठ स्वतंत्र निर्गम-वाहिन्या असतात. चित्रपटाच्या सभोवार ध्वनीसाठी योजलेल्या याच वाहिन्या स्टिरिओ त्रिमार्गी वा चतुर्मार्गी क्रॉसओव्हरसाठी वळविता येतात, हे या पद्धतीचे मर्म होय.

कार्ड निवडताना वाहिन्यांच्या संख्येबरोबर गुणवत्ताही पाहावी लागते. १६ बिट अंकनाचा सैद्धांतिक गतिक-विस्तार सुमारे ९६ डेसिबल आणि २४ बिटांचा सुमारे १४४ डेसिबल येतो. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक परिपथाच्या स्वतःच्या खरखरीमुळे चांगल्या कार्डातही तो १०० ते १२० डेसिबलच्या दरम्यान राहतो. बहुवाहिनी रचनेत सहा वाहिन्यांचा आवाज एकाच वेळी व समप्रमाणात कमी-जास्त करावा लागतो. सहा पदरी पोटेन्शिओमीटर सहज मिळत नसल्याने हे नियंत्रण बहुधा अंकीय ठेवावे लागते. आवाज ४० डेसिबलने कमी केल्यास जवळजवळ सात बिट खर्ची पडतात. म्हणून येथे २४ बिटांचे कार्ड ही चैन नसून गरज आहे.

४. अंकीय गाळणीचे तत्त्व

४.१ लिंक्विट्झ-रायली गाळणी

स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये मांडलेली गाळणी सीमावारंवारतेला संकेत ३ डेसिबलने कमी करते. अशा दोन द्वितीय श्रेणीच्या गाळण्या एकामागून एक जोडल्यास सीमेवर ६ डेसिबलची घट होते आणि पुढे प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबल असा उतार मिळतो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतील अभियंता सिगफ्रीड लिंक्विट्झ यांनी १९७६ मध्ये ही रचना ध्वनिक्षेपकांच्या संदर्भात मांडली. ती त्यांच्या व त्यांचे सहकारी रस रायली यांच्या नावाने ओळखली जाते. सीमेवर दोन्ही घटकांचा दाब निम्मा असतो, परंतु दोघांची कला जुळलेली असल्याने बेरीज पूर्ण होते. म्हणूनच समोर बसलेल्या श्रोत्याला सीमारेषा जाणवत नाही.

ही गाळणी संगणकात उतरविण्यासाठी द्वितीय श्रेणीचे विभाग वापरतात. प्रत्येक विभागाला पाच सहगुणक असतात, म्हणजे दर नमुन्यामागे पाच गुणाकार करावे लागतात. स्टिरिओ त्रिमार्गी रचनेत प्रत्येक बाजूला खालच्या पट्ट्यासाठी दोन, मधल्यासाठी चार आणि वरच्यासाठी दोन असे आठ विभाग लागतात. दोन्ही बाजू मिळून ते सोळा होतात. नमुनादर सेकंदाला ४८,००० असल्यास एकूण ३८ लाख ४० हजार गुणाकार दर सेकंदाला होतात. कार्यालयातून निकाली काढलेल्या जुन्या संगणकालाही हे काम जड नाही. त्यामुळे या प्रकल्पासाठी नवा संगणक घेण्याची आवश्यकता नसते.

४.२ सान्त-प्रतिसाद गाळणी

दुसऱ्या प्रकारच्या गाळणीत संकेताच्या मागील हजारो नमुन्यांची भारित बेरीज केली जाते. अशा गाळणीने तीव्रता व कला यांचे स्वतंत्र नियंत्रण करता येते. परंतु ४,०९६ सहगुणकांची गाळणी सहा वाहिन्यांवर सरळ रीतीने चालविल्यास सेकंदाला सुमारे ११८ कोटी गुणाकार होतात. जलद फूरिए रूपांतराचा आधार घेऊन हा भार पुष्कळ कमी करता येतो. आंदेर्स टोर्गेर यांनी लिनक्ससाठी लिहिलेली ‘ब्रूटफर’ ही आज्ञावली याच तत्त्वावर चालते.

या गाळणीची खरी किंमत गणनेत नसून विलंबात आहे. ४,०९६ सहगुणकांची समकला-विलंब गाळणी संकेताला सुमारे ४३ मिलिसेकंद उशीर करते. ध्वनिमुद्रित संगीत ऐकताना त्याने काही बिघडत नाही. व्याख्यानात मात्र पुढच्या रांगेतील श्रोता वक्त्याचा मूळ आवाज आधी आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज नंतर ऐकतो. हा विलंब ३० ते ४० मिलिसेकंदांपलीकडे गेला की बोलण्यात दुसरा आवाज प्रतिध्वनीसारखा वेगळा जाणवू लागतो. म्हणून मायक्रोफोनवरील प्रत्यक्ष भाषणासाठी पहिल्या प्रकारची गाळणी व २५६ नमुन्यांच्या आसपासचा लहान साठा, म्हणजे ४८,००० नमुनादराला सुमारे ५ मिलिसेकंद, अशी योजना करणे इष्ट ठरते. आवक व निर्गम या दोन्ही बाजूंना असा साठा असतो, हेही हिशेबात धरावे लागते.

४.३ विलंबाने साधणारी कलाजुळणी

वूफरचा शंकू खोल असल्याने त्याचे ध्वनिकेंद्र ट्विटरच्या मागे असते. हे अंतर २.५ सेंटिमीटर आहे असे मानू. २,५०० हर्ट्झला तरंगलांबी सुमारे १३.७ सेंटिमीटर असल्याने दोन्ही घटकांत सुमारे ६६ अंशांचे कलांतर पडते आणि सीमेवरील बेरीज दीड डेसिबलने घटते. याहून महत्त्वाचे म्हणजे ध्वनीचा झोत समोर न राहता वर किंवा खाली झुकतो. ४८,००० नमुनादराला एका नमुन्याचा काळ २०.८ मायक्रोसेकंद असतो. तेवढ्या वेळात ध्वनी सुमारे ७ मिलिमीटर पुढे जातो. ट्विटरला तीन किंवा चार नमुन्यांचा विलंब दिल्यास हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. निष्क्रिय क्रॉसओव्हरमध्ये याच दुरुस्तीसाठी पेटीचा पुढचा भाग तिरका किंवा पायऱ्यांचा करावा लागतो. येथे एक अंक बदलणे पुरेसे होते.

५. प्रत्यक्ष मांडणी

५.१ आज्ञावली

विंडोज प्रणालीत ‘इक्वलायझर एपीओ’ आणि लिनक्स प्रणालीत ‘कॅमिलाडीएसपी’ या मुक्त आज्ञावली बहुवाहिनी गाळणीसाठी उपलब्ध आहेत. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला बहुवाहिनी यूएसबी साउंड कार्ड जोडूनही हीच रचना उभारता येते. सहगुणक काढण्यासाठी सायलॅब ही मुक्त गणिती प्रणाली वापरता येते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने तिचा महाविद्यालयांत प्रसार केला आहे.

५.२ एकच कार्ड, एकच घड्याळ

वाहिन्या वाढविण्यासाठी दोन स्वस्त स्टिरिओ कार्डे एकत्र वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रत्येक कार्डावर स्वतंत्र स्फटिक-घड्याळ असते आणि दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्यात दशलक्षात पन्नास भाग एवढा फरक असला तरी ४८,००० नमुनादराला दर सेकंदाला २.४ नमुन्यांची तफावत पडते. एका मिनिटात ती १४४ नमुने, म्हणजे ३ मिलिसेकंद होते. एक मीटर अंतर सरकविण्याइतका हा फरक आहे. नमुन्या-नमुन्याने जुळविलेली कला मिनिटभरात निरर्थक ठरते. म्हणून सर्व निर्गम-वाहिन्या एकाच कार्डावर, एकाच घड्याळावर असाव्यात. मायक्रोफोनची आवकही शक्यतो त्याच कार्डातून घ्यावी.

५.३ वाहिन्यांची वाटणी

मदरबोर्डवरील छिद्रांचे रंग सामान्यतः ठरलेले असतात : पुढील जोडीसाठी हिरवा, मागील जोडीसाठी काळा, मध्य व सबवूफरसाठी नारिंगी आणि बाजूच्या जोडीसाठी राखाडी. संगणकावरील कोणताही साधा स्टिरिओ आवाज आपोआप हिरव्या छिद्रातून बाहेर पडतो. गाळणीची आज्ञावली सुरू झाली नाही किंवा मध्येच बंद पडली, तर संपूर्ण वारंवारतांचा संकेत याच छिद्रातून जाईल. यास्तव हिरव्या छिद्राला नेहमी वूफर जोडावा, ट्विटर कधीही जोडू नये. वूफर असा संकेत सहन करतो. ट्विटरचे बारीक वेटोळे क्षणात जळू शकते. सहा वाहिन्यांच्या रचनेत हिरव्याला वूफर, नारिंगीला मिडरेंज व काळ्याला ट्विटर ही वाटणी सोयीची ठरते. कार्डाच्या नियंत्रणपटलावर स्टिरिओ संकेत सर्व वाहिन्यांत पसरविण्याची किंवा खालच्या वारंवारता सबवूफरकडे वळविण्याची सोय असल्यास ती आवर्जून बंद करावी. प्रणालीचे सूचनाध्वनीही बंद ठेवावेत.

५.४ संरक्षण

सक्रिय रचनेत ट्विटर थेट ॲम्प्लिफायरला जोडलेला असतो. संगणक सुरू होताना वा बंद होताना कार्डातून येणारा धक्का त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. त्यासाठी ट्विटरच्या मालिकेत एक कपॅसिटर ठेवावा. ८ ओहमच्या ट्विटरला २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास सुमारे १,००० हर्ट्झच्या खालचा संकेत व दिष्ट धारा अडविली जाते. सीमावारंवारता ३,००० हर्ट्झ असल्यास त्या ठिकाणी या कपॅसिटरमुळे सुमारे अर्धा डेसिबल घट व १८ अंशांचा कलाबदल होतो. तो गाळणीतच भरून काढता येतो. कपॅसिटरची किंमत ट्विटरच्या तुलनेत नगण्य असते.

दुसरा नियम क्रमाचा आहे. आधी संगणक सुरू करावा, गाळणी चालू असल्याची खात्री करावी आणि शेवटी ॲम्प्लिफायर सुरू करावेत. बंद करताना हाच क्रम उलटा ठेवावा. वीजपुरवठा अनियमित असणाऱ्या भागात संगणकाला यूपीएस आवश्यक आहे. अन्यथा वीज परत आली की ॲम्प्लिफायर तत्काळ आणि संगणक मिनिटभराने सुरू होतो, आणि नेमका तोच मिनिट धोक्याचा असतो. हा क्रम लिहून यंत्रणेशेजारी लावावा. कार्यक्रमाच्या दिवशी यंत्रणा अनेकदा प्राध्यापक नव्हे, तर प्रयोगशाळा परिचर चालवितात. त्यांना क्रमामागील कारणही समजावून सांगणे अगत्याचे आहे.

५.५ गुणगुण व खरखर

संगणक व ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या जागी भूसंपर्कित असल्यास ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. ती घालविण्यासाठी प्लगचा भूसंपर्क तोडणे हा उपाय सर्रास केला जातो. तो जिवाला धोकादायक असून सर्वथा वर्ज्य मानावा. सर्व उपकरणांना एकाच फलकावरून वीज देणे आणि संकेतमार्गात विलगक रोहित्र बसविणे हे योग्य उपाय होत. कर्ण्याची संवेदनशीलता १०५ डेसिबलच्या आसपास असल्याने कार्डाची सूक्ष्म खरखरही त्यातून ऐकू येते. अशा वेळी संकेत अंकीय रीतीने कमी न करता कार्ड व ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये रोधांची विभाजक जोडी बसविल्यास संकेताबरोबर खरखरही घटते.

६. मापन

गाळणी पडद्यावर कितीही सुबक दिसली तरी श्रोत्यापर्यंत पोहोचतो तो गाळणी व ध्वनिक्षेपक यांचा एकत्रित प्रतिसाद. म्हणून मापनाशिवाय केलेली मांडणी अपुरी राहते. त्याच साउंड कार्डाच्या आवक-वाहिनीला मापनाचा मायक्रोफोन जोडून हे काम करता येते. २००० मध्ये आंजेलो फारिना यांनी मांडलेल्या पद्धतीत खालून वर सरकणारा ज्या-तरंग वाजवून यंत्रणेचा स्पंद-प्रतिसाद काढतात. विकृतीचे घटक त्यातून वेगळे करता येतात. ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही विनामूल्य आज्ञावली याच स्वरूपाचे मापन करते.

मापन करताना भिंती व जमिनीवरून परतणारा ध्वनी वगळावा लागतो. परावर्तित मार्ग सरळ मार्गापेक्षा १.७ मीटर लांब असल्यास परावर्तन ५ मिलिसेकंदांनी पोहोचते. त्यापूर्वीचाच भाग ग्राह्य धरला, तर २०० हर्ट्झच्या खालचे निष्कर्ष विश्वसनीय राहत नाहीत. सीमावारंवारता त्याहून बरीच वर असल्याने क्रॉसओव्हर जुळविण्यास ही पद्धत पुरेशी ठरते. जुळणी तपासण्याची एक सोपी कसोटीही आहे. ट्विटरची ध्रुवता मुद्दाम उलटी केल्यास सीमेवर खोल व सममित खड्डा पडला पाहिजे. खड्डा उथळ किंवा वाकडा असल्यास विलंब चुकला आहे, असे समजावे.

पहिली चाचणी ध्वनिक्षेपकावर करू नये. प्रत्येक ॲम्प्लिफायरला ८ ओहमचा शक्तिरोध जोडून दोलनदर्शकावर तिन्ही पट्टे पाहावेत. खात्री झाल्यावर प्रथम वूफर, नंतर मिडरेंज व सर्वात शेवटी ट्विटर जोडावा.

७. मर्यादा

क्रॉसओव्हर उत्तम जुळला तरी सभागृहाचा दोष तो दूर करू शकत नाही. वॉलेस सॅबिन यांच्या सूत्रानुसार निनादकाळ हा घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागल्यावर मिळतो. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद व ५ मीटर उंच असे सभागृह कल्पिल्यास घनफळ १,२०० घनमीटर व अंतःपृष्ठ ८०० चौरस मीटर येते. गिलावा व फरशी यांचा सरासरी शोषणांक ०.०५ धरला तर निनादकाळ ४.८ सेकंद होतो. तीनशे श्रोते बसल्यावर प्रत्येकी ०.४५ चौरस मीटर शोषण मिळून तो सुमारे १.१ सेकंदावर येतो. रिकाम्या सभागृहात घेतलेली चाचणी भरलेल्या सभागृहाला का लागू पडत नाही, हे यावरून दिसून येते. ज्या सभागृहात श्रोते निम्मेच असतात, तेथे पडदे व शोषक तक्ते यांवरील खर्च यंत्रणेवरील खर्चापेक्षा अधिक फलदायी ठरतो.

दुसरी मर्यादा विश्वसनीयतेची आहे. अंकीय संकेतप्रक्रियेची स्वतंत्र उपकरणे काही क्षणांत सुरू होतात व वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात. संगणकाला अद्ययावतीकरण, आज्ञावलीतील दोष व साठवणीतील बिघाड यांचा धोका असतो. केवळ सभागृह चालवावयाचे असेल तर स्वतंत्र उपकरण घेणे अधिक शहाणपणाचे. संगणकावरील रचनेचे मोल तिच्या पारदर्शकतेत आहे. तिच्यातील प्रत्येक अंक पाहता, बदलता व मोजता येतो.

तिसरी बाब कायद्याची आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये शांतता क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. शैक्षणिक संस्थांभोवतीचा परिसरही शांतता क्षेत्रात मोडू शकतो. सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या ठिकाणाच्या सीमेवर परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असता कामा नये. महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिरवणुकीतील ध्वनिभिंतींमुळे हा विषय वारंवार न्यायालयासमोर आला आहे. सक्रिय रचनेत प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र मर्यादक लावता येतो. त्यामुळे दूरवर पोहोचणारा खालचा पट्टा आवरून वाणीचा पट्टा स्पष्ट ठेवणे शक्य होते. ज्ञानाचा हा उपयोग आवाज वाढविण्यापेक्षा अधिक मोलाचा आहे.

८. शैक्षणिक महत्त्व

या विषयाचे एक वैशिष्ट्य असे की तो कोणत्याही एका विभागाच्या मालकीचा नाही. तरंग, व्यतिकरण व अनुनाद हे भौतिकशास्त्राचे, ॲम्प्लिफायर व भूसंपर्क हे इलेक्ट्रॉनिक्सचे, संमिश्र संख्या व रूपांतरे ही गणिताची, तर आज्ञावली ही संगणकशास्त्राची बाजू होय. मराठी विभागाला त्यात तितकेच महत्त्वाचे स्थान आहे. ‘ताट-थाट’, ‘सर-शर’, ‘कडा-खडा’ अशा अल्पभेदी शब्दजोड्यांची यादी करून ती सभागृहाच्या वेगवेगळ्या रांगांत बसलेल्या विद्यार्थ्यांना ऐकविता येईल. त्यांनी लिहून घेतलेल्या शब्दांतील अचूकतेवरून सुश्राव्यतेचे मापन होईल. क्रॉसओव्हर बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर अशी चाचणी घेतल्यास डेसिबलचा आलेख व ऐकणाऱ्याचा अनुभव यांची सांगड घालता येते. संगीत विभागही यात सहभागी होऊ शकतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये भारतीय चर्मवाद्यांतील संवादी उपस्वरांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. पखवाजाची शाई व धुम यांचे उपस्वर त्रिमार्गी ध्वनिक्षेपकातून कितपत टिकतात, हा त्या परंपरेतील एक साधा परंतु अर्थपूर्ण प्रकल्प ठरेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बहुविद्याशाखीयतेवर व प्रत्यक्ष कार्यावर भर दिलेला आहे. ज्या महाविद्यालयात दोलनदर्शक, जुना संगणक व सोल्डरिंगची सामग्री आहे, तेथे बहुवाहिनी कार्ड, लहान ॲम्प्लिफायर व मायक्रोफोन यांचीच भर घालावी लागते. हे साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधता येते. तालुक्याच्या ठिकाणी अडचण येते ती बहुधा दुरुस्तीची. ती लक्षात घेता, ज्याची रचना विद्यार्थ्यांना स्वतः उमगली आहे असे साधन बंद डब्यातील साधनापेक्षा अधिक काळ उपयोगात राहण्याची शक्यता असते.

९. निष्कर्ष

१. बहुवाहिनी साउंड कार्डाद्वारे स्टिरिओ त्रिमार्गी सक्रिय क्रॉसओव्हर उभारणे जुन्या संगणकावरही शक्य आहे.

२. प्रत्यक्ष भाषणासाठी अल्प विलंबाची लिंक्विट्झ-रायली गाळणी, तर ध्वनिमुद्रित संगीतासाठी सान्त-प्रतिसाद गाळणीही योग्य ठरते.

३. एकच घड्याळ, ट्विटरला संरक्षक कपॅसिटर, हिरव्या छिद्राला वूफर आणि सुरू-बंद करण्याचा ठरलेला क्रम या चार गोष्टी अनिवार्य मानाव्यात.

४. मापनाशिवाय जुळणी पूर्ण होत नाही, आणि सभागृहाच्या निनादावर क्रॉसओव्हर हा उपाय नव्हे.

५. सभागृहाची नित्य गरज भागविण्यासाठी स्वतंत्र उपकरण अधिक विश्वसनीय असले, तरी अध्ययनाचे साधन म्हणून संगणकावरील रचनेला तोड नाही.

शेवटच्या रांगेतील विद्यार्थ्याला शब्द कळला की नाही, हीच कोणत्याही महाविद्यालयीन ध्वनियंत्रणेची अंतिम कसोटी होय. वॅट, बिट व डेसिबल यांचा विचार त्या कसोटीच्या संदर्भातच व्हावयास हवा.